आज्ञावलीचा अधिकारी कोण?

ग्रंथाच्या आरंभीं त्याचा विषय कोणता, प्रयोजन काय आणि अधिकारी कोण, हें सांगून मगच पुढें जाण्याची आपल्या जुन्या शास्त्रकारांची पद्धत होती. अधिकारी म्हणजे सत्ताधारी नव्हे. तें शास्त्र शिकण्यास जो पात्र, तो अधिकारी. आज जें शास्त्र घरोघरच्या मुलामुलींच्या उपजीविकेशीं निगडित झालें आहे, त्या संगणकाच्या आज्ञावलीविषयीं हाच प्रश्न परीक्षांचे निकाल लागले कीं आपल्या मध्यमवर्गीय घरांत निघतो, आणि त्याचें उत्तरहि ठराविक असतें. दहावीस गणितांत गुण कमी पडले, कीं वडील माणसें मुलाला सांगतात, "संगणक तुझ्या वांट्याचा नाहीं, तेथें गणित लागतें." मुलगा मुकाट्यानें दुसरी वाट धरतो. हा निवाडा प्रथम कोणी दिला व कशाच्या आधारावर दिला, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. ती इतिहासाच्या साह्यानें करावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ही समजूत अगदींच निराधार मात्र नाहीं. संगणक ज्या घरांत जन्मला, तें घरच गणिताचें. १८४३ सालीं एडा लव्हलेस या इंग्रज विदुषींनीं चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित यंत्रावर विस्तृत टिपणें प्रसिद्ध केलीं. यंत्राकडून कोणती कृति कोणत्या क्रमानें करून घ्यावी, हें दाखविण्यासाठीं त्यांनीं उदाहरण निवडलें तें बर्नूलीच्या संख्यांचें. हें यंत्र संख्येखेरीज इतर वस्तूंवर, अगदीं संगीताच्या स्वरांवरहि, काम करूं शकेल, असें त्याच टिपणांत त्यांनीं सुचविलें होतें. परंतु तें बॅबेजचें यंत्र कधीं पुरें झालेंच नाहीं. पुढें शंभर वर्षांनीं अमेरिकेंत पेनसिल्व्हानिया विद्यापीठांत एनिआक हें प्रचंड यंत्र उभें राहिलें. सुमारें अठरा हजार निर्वात नळ्यांचें व तीस टन वजनाचें हें यंत्र तयार झालें तें लष्करासाठीं. तोफेचा गोळा कोठें पडेल याचीं कोष्टकें तोफखान्यास हवीं होतीं, आणि गोळ्याच्या एकेका मार्गाचें गणित करावयास माणसाला तीस-चाळीस तास लागत. असलें काम करणाऱ्या यंत्राला राबविणारीं माणसें गणितांतलीं असावींत, यांत नवल नाहीं. तोफेला गणित हवें होतें. तोफेसाठीं केलेल्या यंत्राला तें चिकटलें. आणि यंत्राला आज्ञा देण्याच्या विद्येकडे तें वारशानें आलें.

परंतु याच पहिल्या यंत्राच्या गोष्टींत एक अपवाद लपलेला आहे. एनिआकच्या आज्ञावली रचण्यासाठीं सहा तरुणी निवडल्या होत्या. त्यांपैकीं बेटी स्नायडर (पुढें बेटी हॉल्बर्टन) यांची पदवी होती वृत्तपत्रविद्येची. त्या विद्यापीठांत गेल्या तेव्हां पहिल्याच दिवशीं गणिताच्या प्राध्यापकांनीं त्यांना, घरीं राहून मुलें वाढविणें तुम्हांला अधिक बरें नाहीं का, असें विचारलें. त्या गणिताच्या वर्गांतून बाहेर पडल्या आणि १९३९ सालीं वृत्तपत्रविद्येच्या पदवीधर झाल्या. युद्धानें गणक माणसांची टंचाई केली, म्हणूनच त्यांना पुन्हां त्या विद्यापीठाचें दार उघडलें. १९४६ च्या फेब्रुवारींत एनिआकचा जाहीर प्रयोग व्हावयाचा होता. आदल्या रात्रीं एक चूक सांपडेना: यंत्रांतला तोफगोळा जमिनीवर आदळूनहि थांबत नव्हता, तो जमिनीच्या पोटांत शिरून पुढें चालतच राही. मध्यरात्रीं कंटाळून सर्वजणी घरीं गेल्या. झोपेंत स्नायडरबाईंना उलगडा झाला. सकाळीं येऊन त्यांनीं हजारों कळींपैकीं एकच कळ फिरविली आणि गोळा थांबला. लोक जागेपणीं जेवढा विचार करतात त्याहून अधिक ही बेटी झोपेंत करते, अशी त्यांच्या सहकारिणीची गमतीची आठवण आहे. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं चूक समीकरणांत नव्हती. "थांबावें केव्हां" ही एक आज्ञा बरोबर दिली गेली नव्हती.

तोफेकडून आतां चहाकडे वळूं. लंडनमध्यें जे. लायन्स आणि कंपनी या नांवाची पेढी होती. चहाचीं दुकानें चालविणें आणि पाव व केक भाजून विकणें हा तिचा धंदा. रोज लक्षावधि लहान लहान व्यवहार होत, आणि त्यांचा मेळ घालतां घालतां कारकुनांची फौज थकून जाई. जॉन सिमन्स हे तेथील एक वरिष्ठ अधिकारी केंब्रिजचे गणिताचे पदवीधर होते. महायुद्ध संपल्यावर १९४७ सालीं पेढीनें आपलीं दोन माणसें अमेरिकेस धाडलीं, केंब्रिज विद्यापीठांत बनत असलेल्या संगणकास ३००० पौंडांचें साह्य केलें, आणि त्याच धर्तीवर स्वतःचें यंत्र बांधलें. त्याचें नांव लिओ. नोव्हेंबर १९५१ पासून भट्टींतील मालाच्या किंमतीचा हिशेब दर आठवड्यास लिओ करूं लागला. धंद्याचें रोजचें काम संगणकानें करण्याचा जगांतील हा पहिला प्रसंग मानतात. पुढें पगारपत्रकें आलीं. एका नोकराच्या पगाराच्या आकडेमोडीस अनुभवी कारकुनाला आठ मिनिटें लागत. लिओला दीड सेकंद पुरे होई.

या यंत्रास आज्ञा देण्यासाठीं माणसें कोठून आणावयाचीं? पेढीनें आपल्याच कचेऱ्यांत डोळे फिरविले. १९५२ सालीं कांहीं नोकरांसाठीं एक लहानसा अभ्यासवर्ग भरविला आणि त्यांतून जीं मोजकीं माणसें निवडलीं, त्यांत मेरी कूम्ब्स ही तरुणी होती. तिची पदवी फ्रेंच भाषेची. लिओवर आज्ञावली रचणारी ती पहिली स्त्री. पगारपत्रकाच्या आज्ञावलींत तिचा हात होता, आणि पुढें इतरांनीं लिहिलेल्या आज्ञावली वाचून त्यांतील तर्काच्या व लेखनाच्या चुका हुडकणें हें तिचें काम झालें. परभाषेचा उतारा शब्दशः पारखून त्यांतील चूक दाखविण्याची संवय जिला लागली, तिला हें काम साधावें यांत अस्वाभाविक कांहीं नाहीं.

आपल्या भाषेनें हिशेब आणि गणित हे दोन शब्द निराळे ठेवले आहेत, आणि तो भेद येथें फार उपयोगी पडतो. पेशव्यांच्या दफ्तरांत बसणारा प्रत्येक कारकून भास्कराचार्यांची लीलावती पढलेला होता, असें कोणी म्हणणार नाहीं. तरी त्याची रोजकीर्द जुळे आणि खतावणींत नोंद सांपडे. त्याच्या अंगीं असे ती शिस्त: कोणतीहि बाब सुटूं द्यावयाची नाहीं, कोणतीहि दोनदां धरावयाची नाहीं, आणि प्रत्येक रक्कम आपल्या सदराखालींच पडली पाहिजे. लायन्सच्या पेढीला हवी होती ती हीच शिस्त.

आपल्या देशांत मात्र संगणक चहाच्या पेढींत न येतां विद्यापीठाहूनहि उंच जागीं आला. १९५५-५६ च्या सुमारास कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्थेंत इंग्लंडहून आणलेलें यंत्र बसविण्यांत आलें. १९६० सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें स्वतः बांधलेलें यंत्र चालूं झालें, आणि पुढें त्याचें टिफ्रॅक असें नामकरण झालें. म्हणजे पहिला संगणक आपण पाहिला तो संख्याशास्त्रज्ञांच्या व पदार्थविज्ञानशास्त्रज्ञांच्या हातीं. त्यामुळें ही विद्या त्यांचीच, असा आपला ग्रह झाला असल्यास तो समजण्याजोगा आहे. ज्या घरीं पाहुणा प्रथम उतरला, त्याच घरचा तो, असें शेजाऱ्यांस वाटावें, त्यांतलाच हा प्रकार.

ग्रह मोडण्याचा पहिला नेटाचा यत्न अमेरिकेंत ग्रेस हॉपर या बाईंनीं केला. त्या स्वतः कच्च्या गणिताच्या नव्हत्या. १९३४ सालीं येल विद्यापीठाची गणितांतील डॉक्टर ही पदवी त्यांनीं मिळविली होती व त्या गणित शिकवीत असत. त्यांनीं पाहिलें कीं गणित्याला चिन्हें प्रिय असतात, परंतु कोठारांतील मालाचा व बिलांचा हिशेब ठेवणाऱ्याला शब्द प्रिय असतात. मग त्याला त्याच्याच शब्दांत यंत्राला आज्ञा कां देतां येऊं नये? यंत्राला इंग्रजी कळत नाहीं, असें उत्तर त्यांना मिळालें. त्यांनीं नमुना करून दाखविला, आणि त्याच आज्ञा फ्रेंच व जर्मन शब्दांतहि देऊन दाखविल्या. अमेरिकेंत बनलेल्या यंत्रास फ्रेंच व जर्मन समजतें हें ऐकून वरिष्ठ मंडळी भांबावून गेली, असें होपरबाई पुढें विनोदानें सांगत. वास्तविक यंत्राला एकहि भाषा कळत नव्हती. त्याच्या लेखीं प्रत्येक शब्द म्हणजे ठरविलेली एक खूण. ती खूण कोणत्या भाषेंतली हें त्याला सारखेंच. या विचारांतून फ्लो-मॅटिक ही आज्ञाभाषा निघाली, आणि तिच्या पायावर १९५९-६० सालीं कोबोल ही भाषा रचली गेली. जगांतील बँका व विमा कंपन्या यांचें कितीतरी काम त्या भाषेंत झालें.

याच सुमारास दुसरीकडे दार बंद करण्याचेंहि काम चाललें होतें. १९५५ सालीं आयबीएम कंपनीनें आज्ञावलीकारांची पारख करण्यासाठीं एक परीक्षा काढली. संख्यांच्या मालिका पुऱ्या करणें, आकृतींतील साम्य ओळखणें आणि अंकगणिती उदाहरणें सोडविणें, असे तिचे तीन भाग होते. ती फार लोकप्रिय झाली. पुढें जेव्हां या परीक्षेंतील गुण आणि माणसाची प्रत्यक्ष कामगिरी यांची तुलना होऊं लागली, तेव्हां दोहोंचा मेळ फारसा बसेना. तरी परीक्षा चालूंच राहिली. कारण उमेदवार शेंकडों आणि निवडणाऱ्याला कांहींतरी चाळण हवी होती. ही गोष्ट आपल्या ओळखीची आहे. चाळणीचीं भोंकें कशीं पाडलीं हें पुढें कोणी पाहत नाहीं; जें वर राहिलें तें निकृष्ट, एवढेंच लोकांच्या ध्यानांत राहतें.

१९६४ सालीं न्यू हॅम्पशायरमधील डार्टमथ कॉलेजांत जें घडलें, तें या सर्व इतिहासांत मला सर्वांत उदार वाटतें. जॉन केमेनी आणि टॉमस कर्ट्झ हे तेथील गणिताचे दोन अध्यापक. केमेनी हे मूळचे बुडापेस्टचे, आणि तरुणपणीं खुद्द आइनस्टाइन यांचे साह्यकारी होते. त्यांच्या कॉलेजांतील सुमारें तीन-चतुर्थांश विद्यार्थी वाङ्मय, इतिहास, समाजशास्त्र असे विषय घेत. उद्यां देशाचे निर्णय घेणारीं माणसें याच विद्यार्थ्यांतून निघणार. तीं संगणकाविषयीं अडाणी राहिलीं तर कसें चालेल, असा विचार या दोघांनीं केला. विद्यार्थ्यांनीं आधीं गणित पक्कें करून यावें, असें न म्हणतां त्यांनीं भाषाच सोपी केली. ती भाषा बेसिक. १ मे १९६४ रोजीं पहाटे चार वाजतां तिच्यांतील पहिल्या आज्ञावली चालल्या. पंधरा-वीस वर्षांनीं घरगुती संगणक आले, तेव्हां जगांतील असंख्य मुलांची या विद्येशीं पहिली ओळख याच भाषेनें करून दिली.

सिमन्स, हॉपरबाई, केमेनी हीं सर्व गणितांतलीं माणसें. गणिताचा अधिकार ज्यांना खरोखर होता, त्यांनीं दार उघडलें. तो अधिकार पुरेसा नसलेल्यांनींच दारावर पहारा ठेवला, असें वाचकांस वाटल्यास त्यांत माझा दोष नाहीं.

मग या विद्येचें खरें नातें कोणाशीं? माझ्या मतें तें पुष्कळ अंशीं व्याकरणाशीं आहे. १९५९ सालीं जॉन बॅकस यांनीं आज्ञाभाषेचे नियम काटेकोर मांडण्याची एक संकेतपद्धति सुचविली, आणि पीटर नाउर यांनीं ती सुधारून अल्गोल या भाषेच्या वर्णनांत योजिली. १९६७ सालीं पीटर इंगरमन यांनीं एका शास्त्रीय नियतकालिकास पत्र लिहून सुचविलें, कीं असलीच पद्धति पाणिनीनें फार पूर्वीं वापरली आहे, तेव्हां तिला पाणिनि-बॅकस पद्धति म्हणावें. सूचना रूढ झाली नाहीं. पण ती कां केली गेली हें संस्कृत व्याकरण शिकलेल्या वाचकास सहज पटेल. अष्टाध्यायीचीं सुमारें चार हजार सूत्रें म्हणजे एक प्रकारची आज्ञावलीच. सामान्य नियम आधीं, अपवाद मागून. मागील सूत्रांतील पद पुढील सूत्रांत चालत येतें. दोन नियमांचा झगडा झाला तर कोणता बलवान, यालाहि नियम आहे. यांत बेरीज-वजाबाकी कोठेंच नाहीं, तरी एक पायरी चुकली कीं शब्द बिघडतो. डायक्स्ट्रा हे डच पंडित आज्ञावलीस गणिताची शिस्त लावण्याविषयीं मोठे आग्रही. पण त्यांनींहि १९७५ सालीं गणिताकडील ओढ्याबरोबर मातृभाषेवरील असाधारण प्रभुत्व हें चांगल्या आज्ञावलीकाराचें मुख्य भांडवल म्हणून सांगितलें आहे.

एक घरगुती उदाहरण घेऊं. गांवच्या वाचनालयांत मुदत संपूनहि पुस्तक परत न करणाऱ्या सभासदांची यादी संगणकाकडून करवून घ्यावयाची आहे. गणित पाहिलें तर आजच्या तारखेंतून पुस्तक नेल्याची तारीख वजा करणें, एवढेंच. परंतु सभासदानें मुदत वाढवून घेतली असेल तर? मुदतीचा दिवस वाचनालयाच्या सुटीचा असेल तर? आजीव सभासदांस निराळा नियम असेल तर? एकाच माणसाकडे दोन पुस्तकें असतील, तर त्याचें नांव यादींत एकदां यावें कीं दोनदां? आणि पुस्तक परत आलें, पण वहींत नोंद करावयाची राहिली असेल तर? जुना ग्रंथपाल हें सगळें न बोलतां करीत असतो. यंत्र मात्र सांगितल्याखेरीज कांहीं करीत नाहीं, आणि सांगितलेलें तंतोतंत करतें. म्हणून ग्रंथपालाच्या मनांतील न बोललेले नियम एकेक करून शब्दांत आणणें, हेंच आज्ञावलीचें अर्धेंअधिक काम आहे. ज्या मुलीला निबंधांत मुद्द्यांचा क्रम लावतां येतो आणि "परंतु" कोठें घालावा हें समजतें, तिनें या कामास भिण्याचें कारण नाहीं.

मी एकांगी लिहीत आहें, असा ग्रह होऊं नये म्हणून मर्यादाहि सांगतों. गुप्तलेखनाची विद्या संख्यांविषयींच्या खोल सिद्धांतांवर उभी आहे. पडद्यावर हलतीं चित्रें उमटविण्यास भूमिति व बीजगणित लागतें. यंत्रास अनुभवावरून शिकविण्याच्या नव्या शास्त्रास संभाव्यता व कलनशास्त्र यांवांचून गति नाहीं. या दालनांत शिरणाऱ्यानें गणिताशीं मैत्री केलीच पाहिजे. पण घराच्या एका दालनास कुलूप आहे म्हणून ओसरीवरहि पाऊल टाकूं नये, हा कोणता न्याय? २०२० सालीं अमेरिकेंतील सिएटल येथील संशोधकांनीं ३६ प्रौढ माणसांना पायथन ही आज्ञाभाषा शिकवून पाहिली. कोण किती लवकर व किती चांगलें शिकला, यांतील फरकाचा उलगडा सर्वांत अधिक झाला तो सामान्य तर्कशक्ति व स्मरणाची धारणा यांवरून. त्याखालोखाल भाषा शिकण्याच्या कौशल्यावरून, तो सुमारें १७ टक्के. आणि अंककौशल्यावरून अवघा २ टक्के. प्रयोग लहान आहे. त्याच वर्षीं मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठांतील दुसऱ्या प्रयोगांत असें दिसलें, कीं आज्ञावली वाचतांना मेंदूंतील भाषेचें क्षेत्र नव्हे, तर कठीण विचाराच्या वेळीं जागें होणारें सर्वसामान्य क्षेत्र मुख्यतः काम करतें. तेव्हां ही विद्या भाषाच आहे, असेंहि म्हणण्याची घाई करूं नये. एवढें मात्र खास, कीं गुणपत्रिकेंतील गणिताच्या रकान्यावरून तिचा अधिकारी ठरविण्यास आधार फार थोडा आहे.

शेवटीं एका गोष्टीनें हा विषय पुरा करतों. सीमूर पॅपर्ट हे मूळचे दक्षिण आफ्रिकेचे गणिती. जिनीव्हास पियाजे या बालमानसशास्त्रज्ञांपाशीं त्यांनीं कांहीं वर्षें काम केलें, आणि १९६७ सालीं वॅली फ्यूरझाइग व सिंथिया सॉलोमन यांच्यासह मुलांसाठीं लोगो ही आज्ञाभाषा तयार केली. तींत पुढें एक कांसव आलें. चार पावलें पुढें जा, उजवीकडे काटकोनांत वळ, असें मूल त्याला सांगतें आणि कांसव रेघ ओढीत जातें. चौरस काढावयाचा तर मूल स्वतः उठून तसें चालून पाहतें. किती वेळां वळलें म्हणजे पहिल्या जागीं तोंड करून उभें राहतां येतें, हें त्याच्या पायांना आधीं कळतें, मग डोक्याला. कोन म्हणजे काय, हें फळ्यावर ज्याला कधीं उमगलें नव्हतें, त्याला तें कांसवामागें चालतां चालतां उमगतें. गणित येत नाहीं म्हणून आज्ञावलीपासून मुलाला दूर ठेवूं नका. उलट तिच्याच वाटेनें तें गणितापाशीं पोंचेल, असा पॅपर्ट यांचा उपदेश आहे.

आपल्या शास्त्रकारांनीं अधिकाऱ्याचीं लक्षणें सांगतांना जिज्ञासेस मानाचें स्थान दिलें आहे. ज्याला जाणावयाची इच्छा आहे तो अधिकारी. बाकीची तयारी वाटेंत होते. यंदां निकालाच्या दिवशीं एखाद्या घरीं गुणपत्रिका हातीं घेऊन मूल खालीं मान घालून उभें राहील, तेव्हां वडील माणसांनीं गणिताचा रकाना पाहण्यापूर्वीं एवढेंच विचारावें: "तुला हें शिकावयाचें आहे का?"